शिवणयंत्राच्या पैशातला कट

जुन्या घरांत खिडकीशी एक काळे शिवणयंत्र असायचे. खाली लोखंडी जाळीचे पायडल, वर काळ्याभोर अंगावर सोनेरी वेलबुट्टी आणि ‘सिंगर’ ही अक्षरे. आपल्या आज्यांनी त्यावर परकर-पोलकी शिवली. नवरा गेलेल्या कितीतरी बायकांनी त्याच्याच जोरावर मुले शिकवली. हे यंत्र जगभर पोचले त्यात आयझॅक सिंगरच्या डोक्याइतकाच त्याच्या भागीदाराचा, एडवर्ड क्लार्क या वकिलाचा, वाटा होता. एकरकमी घेणे ज्यांना परवडत नाही त्यांना यंत्र हप्त्याने द्यायचे, ही पद्धत क्लार्कने रुजवली. गरिबाघरच्या हप्त्यांचे तळे साचत गेले आणि पुढे ते नातवंडांकडे आले. त्यांतल्या एका नातवाचे नाव रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क. १९३३-३४ साली अमेरिकेचे निवडून आलेले सरकार पंगू करण्याचा जो बेत शिजत होता, त्याच्या हिशेबात या रॉबर्टचा पैसा सापडतो.

ही हकिगत अमेरिकेत ‘बिझनेस प्लॉट’ म्हणून ओळखली जाते. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत ती क्वचितच भेटते. मला ती महत्त्वाची वाटते ती एका माणसामुळे आणि त्याला जे प्रश्न विचारावेसे वाटले पण ज्यांना अधिकार होता त्यांनी जे विचारले नाहीत, त्यांच्यामुळे.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्या दिवशी देशातल्या बहुतेक बँकांची दारे बंद होती. काम मागणाऱ्या चौघांतला एक बेकार होता. शपथविधीच्या जेमतेम अडीच आठवडे आधी मायामीत रूझवेल्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, शिकागोचे महापौर अँटन सर्माक यांचा त्या जखमांनी मृत्यू झाला. अशा काळात नव्या अध्यक्षांनी एप्रिलमध्ये हुकूम काढला की लोकांनी आपल्याजवळची सोन्याची नाणी, लगडी आणि सुवर्ण-प्रमाणपत्रे १ मेपर्यंत बँकेत जमा करावीत. डॉलरचे सोन्याशी असलेले नाते तुटले. पुढच्या जानेवारीत सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर झाला.

सोन्याशी आपले नाते असे आहे की या हुकुमाचा धसका आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. पण तिथल्या धनिकांची खरी भीती घरातल्या नाण्यांपुरती नव्हती. त्यांची संपत्ती कर्जरोख्यांत होती. सावकाराच्या वहीत शंभर लिहिलेले आहेत. फेडीच्या दिवशी शंभरच परत आले, पण त्या शंभरात पूर्वीच्या साठांचाच माल येत असेल, तर फायदा कुळाचा आणि तोटा सावकाराचा. रूझवेल्ट देशातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याला आणि कामगाराला नेमका हाच दिलासा देत होते. न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात या माणसाला आपल्याच वर्गाचा द्रोही म्हणू लागले, कारण रूझवेल्ट स्वतः पिढीजात श्रीमंत घरातले होते.

आता दुसरा माणूस. स्मेडली डार्लिंग्टन बटलर. पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर घराण्यात, म्हणजे शस्त्र हाती न धरणाऱ्या पंथात, १८८१ साली जन्मलेला. वडील अमेरिकी काँग्रेसचे सदस्य. सोळाव्या वर्षी वय चोरून हा मुलगा मरीन दलात शिरला आणि तेहेतीस वर्षांनी मेजर जनरल म्हणून बाहेर पडला. फिलिपिन्स, चीन, होंडुरास, निकाराग्वा, मेक्सिको, हैती अशा मोहिमा त्याने केल्या. अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्याला दोनदा मिळाले. साध्या शिपायाला तो आपला वाटे. १९३२च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातले हजारो माजी सैनिक ठरलेला बोनस आताच द्या म्हणून वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले, तेव्हा बटलर त्यांच्या झोपड्यांत जाऊन राहिला, त्यांच्याशी बोलला. काही दिवसांतच, २८ जुलैला, जनरल डग्लस मॅकार्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्याच माणसांना हाकलले. त्यांचा तळ पेटला. त्या दिवसानंतर अमेरिकी माजी सैनिक कोणाच्या हाकेला ओ देईल आणि कोणाच्या नाही, हे स्पष्ट झाले होते.

बटलरचे आणखी एक पान इथेच उघडले पाहिजे, कारण त्याच्याविषयी लिहिणारे बरेच जण ते झाकून ठेवतात. १९१७ साली हैती अमेरिकेच्या ताब्यात असताना तिथल्या जाँदार्मरी या सशस्त्र दलाचा प्रमुख बटलर होता. हैतीची राष्ट्रीय सभा अमेरिकेला हवी तशी राज्यघटना मंजूर करत नव्हती. बटलर शिपाई घेऊन गेला आणि त्याने ती सभा बरखास्त केली. हुकूम वरचा होता, पण हात त्याचा होता. म्हणजे लोकांनी निवडलेली संस्था बंदुकीच्या धाकाने कशी मोडतात, हे बटलरला कोणी सांगायची गरज नव्हती. ते काम त्याने केलेले होते.

१ जुलै १९३३च्या सुमारास या बटलरच्या न्यूटाउन स्क्वेअरच्या घरी दोन माणसे आली. एक बिल डॉयल, दुसरा जेराल्ड मॅकग्वायर. दोघेही अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या बलाढ्य संघटनेतले पदाधिकारी. मॅकग्वायर कनेक्टिकटचा आणि पोटापाण्याने रोख्यांचा विक्रेता. तो ग्रेसन मर्फी यांच्या वॉल स्ट्रीटवरच्या पेढीत नोकरीला होता, आणि लीजन १९१९ साली उभी राहिली तेव्हा तिला भांडवल पुरवणाऱ्यांत हे मर्फी होते. पुढे काय घडले ते बटलरने शपथेवर सांगितले आहे, आणि या लेखात त्याच्या तोंडचे म्हणून जे येते ते त्या साक्षीतले आहे.

पाहुण्यांचे म्हणणे असे, की शिकागोला लीजनचे अधिवेशन भरणार आहे. तुम्ही दोन-तीनशे माणसे घेऊन या, ती सभागृहात विखरून बसतील, तुम्ही दिसताच घोषणा देतील, तुम्हाला व्यासपीठावर बोलवायला भाग पाडतील आणि मग तुम्ही भाषण कराल. बटलर म्हणाला, माझ्या ओळखीच्या सैनिकांकडे शिकागोच्या तिकिटाला पैसे नाहीत. तेव्हा मॅकग्वायरने बँकेचे पुस्तक काढून दाखवले. एक भरणा ४२,००० डॉलरचा, दुसरा ६४,००० चा. भाषणही तयार होते. ते बटलरने वाचले. त्यात एकच मागणी होती: डॉलर पुन्हा सोन्यावर आणा, म्हणजे सैनिकांचा बोनस खऱ्या पैशात मिळेल.

जन्मभर शिपायांत वावरलेल्या माणसाला ही मागणी खटकली. ज्याच्या घरी चूल पेटत नाही तो शिपाई सुवर्णमानासाठी कधीपासून रडू लागला? पण त्याने त्यांना हाकलले नाही. यांच्या मागे कोण आहे ते कळेपर्यंत बोलत राहायचे, असे त्याने ठरवले.

सप्टेंबरमध्ये बटलर नेवार्कला एका जुन्या तुकडीच्या मेळाव्याला गेला होता. मॅकग्वायर त्याच्या हॉटेलच्या खोलीवर आला, खिशातून नोटांचा पुडा काढला आणि पलंगावर टाकला. हजार डॉलरच्या अठरा नोटा. त्या वर्षी अमेरिकेत बारा-पंधराशे डॉलरवर एका कुटुंबाचे वर्ष निघत असे. बटलरने त्याला नोटा उचलायला लावल्या. यांतली एक जरी मी मोडली तरी माझी मान तुमच्या हातात येईल, असे त्याने बजावले, आणि मध्यस्थ पुरे झाला, मला मालकाशी बोलायचे आहे, असे सांगितले.

मालक आला तो रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क. बटलर त्याला ओळखत होता. तीसेक वर्षांपूर्वी, चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी, दोघेही तिथल्या फौजेत होते आणि क्लार्कला सगळे ‘लक्षाधीश लेफ्टनंट’ म्हणत. रविवारी क्लार्क आगगाडीने आला, जेवला आणि मोकळेपणाने बोलू लागला. शिकागोचे भाषण जॉन डब्ल्यू. डेव्हिस यांनी लिहिले आहे, असे त्याने सांगितल्याचे बटलरची साक्ष म्हणते. डेव्हिस हे १९२४ सालचे डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आणि मॉर्गन बँकेचे वकील. मग क्लार्क म्हणाला, माझ्याकडे ३ कोटी डॉलर आहेत. त्यांतले निम्मे वाचणार असतील तर उरलेले निम्मे खर्चायची माझी तयारी आहे. बटलरचे घर गहाण होते. तेही पाहता येईल, असे पाहुण्याने सुचवले.

बटलरने त्याला उठवून घराच्या दिवाणखान्यात पाठवले आणि भिंतींवर काय टांगले आहे ते बघून यायला सांगितले. तिथे निशाणे होती, पदके होती, मानपत्रे होती. ती सगळी गरीब माणसांनी दिली आहेत, असे बटलरने त्याला ऐकवले. क्लार्क थोड्या वेळाने परत आला आणि म्हणाला, तुमचा फोन वापरू का? बटलरसमोरच त्याने मॅकग्वायरला फोन लावला. जनरल येत नाहीत. तुझ्याकडे ४५,००० आहेत, ते वापर. त्या तारा पाठवून दे. शिकागोच्या अधिवेशनात तारांचा पाऊस पडला आणि सुवर्णमानाच्या बाजूने ठराव मंजूर झाला.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त काही सांगणारा क्षण हाच वाटतो. इथे कोणी बंदूक उगारली नाही, कोणी धमकी दिली नाही. एका सैनिकाच्या घरात, त्याच्याच फोनवरून, त्याच्या डोळ्यांदेखत एका संघटनेचे मत विकत घेतले गेले, आणि घेणाऱ्याला त्यात लपवण्यासारखे काहीही वाटले नाही.

इथवर प्रकरण एका ठरावापुरते होते. मग मॅकग्वायर युरोपला गेला. १९३३चा हिवाळा आणि १९३४चा पूर्वार्ध त्याने तिकडे काढला आणि खर्च क्लार्कच्या बाजूने झाला. इटलीत मुसोलिनीच्या सत्तेला आधार देणारे माजी सैनिक त्याने पाहिले, जर्मनी पाहिली, आणि शेवटी त्याला आवडली ती फ्रान्समधली ‘क्रुआ द फ’ ही माजी सैनिकांची संघटना. ६ फेब्रुवारी १९३४ रोजी पॅरिसच्या रस्त्यांवर उजव्या संघटनांनी असा उठाव केला की दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान दलादिए यांना पायउतार व्हावे लागले. क्रुआ द फचे लोक त्या रात्री रस्त्यावर होते. तिच्याविषयी मॅकग्वायरने न्यूयॉर्कला कौतुकाची पत्रे लिहिली. बटलरला मात्र तो नीस शहराच्या हवापाण्याची पत्रकार्डे पाठवत होता.

२२ ऑगस्ट १९३४. फिलाडेल्फियाचे बेलव्ह्यू-स्ट्रॅटफोर्ड हॉटेल, रिकाम्या उपाहारगृहाचा एक कोपरा. मॅकग्वायरने तिथे बेत उलगडला. पाच लाख माजी सैनिकांची संघटना उभी करायची, तिचे नेतृत्व बटलरने करायचे. राष्ट्राध्यक्ष कामाने थकले आहेत, त्यांची तब्येत ढासळते आहे असे वर्तमानपत्रांतून पसरवायचे. लोक त्यावर सहज विश्वास ठेवतील. मग त्यांच्या मदतीला ‘सर्वसाधारण कारभाराचे सचिव’ असे नवे पद निर्माण करायचे. कारभार तो सचिव चालवील, राष्ट्राध्यक्ष समारंभांना हजर राहतील. सुरुवातीला ३० लाख डॉलर तयार आहेत, लागले तर ३० कोटी मिळतील.

पोलिओने पाय गेलेल्या माणसाच्या बाबतीत प्रकृतीची अफवा पसरवणे किती सोपे होते, याचा विचार मनात येतो तेव्हा या बेताची बांधणी नीट कळते. राज्यघटनेतले एक अक्षर बदलायचे नव्हते. आपल्या इतिहासात छत्रपती गादीवर आणि कारभार दुसऱ्याच्या हाती, ही मांडणी आपण पाहिलेली आहे. गादी मोडावी लागत नाही. तिच्या शेजारी एक आसन टाकावे लागते.

बटलरने विचारले, आणि हे पैसेवाले उजेडात कधी येणार? मॅकग्वायर म्हणाला, दोन-तीन आठवड्यांत एक मोठी संस्था जाहीर होईल, पेपरात वाचाल. त्याच सुमारास ‘अमेरिकन लिबर्टी लीग’ ही संस्था जाहीर झाली. तिच्यामागे द्यू पाँ बंधू होते, जनरल मोटर्सचे स्लोन होते, जॉन डब्ल्यू. डेव्हिस होते. खजिनदार ग्रेसन मर्फी, म्हणजे मॅकग्वायरचे मालक. देणगीदारांत रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क. ही लीग म्हणजेच कट, असे मी म्हणणार नाही. ती उघडपणे रूझवेल्टविरोधी प्रचार करणारी कायदेशीर संस्था होती. मात्र तिच्या जन्माची बातमी एका रोखेविक्रेत्याने आधी सांगितली होती.

बटलरने उत्तर दिले ते त्याच्या स्वभावाला धरून होते. तुम्ही फॅसिझमचा वास येणारे पाच लाख सैनिक जमवलेत तर मी दुसरे पाच लाख जमवीन, तुम्हाला झोडपून काढीन आणि मग आपल्याच घरात खरे युद्ध होईल. १९३१ साली मुसोलिनीच्या मोटारीखाली एक मूल चिरडले गेल्याची हकिगत जाहीर भाषणात सांगितल्याबद्दल याच बटलरला अटक झाली होती आणि लष्करी खटल्याची तयारी झाली होती. तरीही त्यालाच निवडण्यात आले, याचे कारण एवढेच की शिपाई दुसऱ्या कोणामागे गेले नसते.

एकट्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे बटलर ओळखून होता. त्याने पॉल कॉमली फ्रेंच या वार्ताहराला विश्वासात घेतले. फ्रेंच १३ सप्टेंबरला मॅकग्वायरच्या कचेरीत जाऊन बसला आणि त्याच्याशी भरपूर बोलला. देशाला फॅसिस्ट पद्धतीचे सरकार हवे, सैनिकच ते आणू शकतात, शस्त्रे रेमिंग्टन कंपनीकडून द्यू पाँमार्फत उधारीवर मिळतील, असे मॅकग्वायर त्याच्यापाशीही बोलल्याची साक्ष फ्रेंचने दिली. रेमिंग्टनची मालकी द्यू पाँकडे आदल्याच वर्षी आली होती.

२० नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कमध्ये बंद दाराआड बटलरची साक्ष झाली. ऐकणारी समिती अमेरिकी प्रतिनिधिगृहाची. अध्यक्ष मॅसॅच्युसेट्सचे जॉन मॅकॉरमॅक, उपाध्यक्ष न्यूयॉर्कचे सॅम्युएल डिकस्टीन. बातमी फुटली आणि दुसऱ्या दिवशी देशभर हशा पिकवण्यात आला. मॉर्गनचे भागीदार टॉमस लॅमॉंट यांनी सगळे निखालस थोतांड ठरवले. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी ही मद्याच्या पार्टीतली थट्टा असावी, असे सुचवले. टाइम साप्ताहिकाने कट आहे पण कटवाले नाहीत अशा अर्थाचा मथळा देऊन चेष्टेचा लेख छापला. न्यूयॉर्क टाइम्सनेही खिल्ली उडवली. मॅकग्वायरने सगळ्याबाबत कानांवर हात ठेवले.

पण समितीने मॅकग्वायरची बँकखाती तपासली, क्लार्कच्या वकिलाला बोलावले, पॅरिसची पत्रे हस्तगत केली. मॅकग्वायरची उत्तरे आकड्यांशी जुळेनात. १५ फेब्रुवारी १९३५च्या अहवालात समितीने स्वच्छ नोंदवले की असे बेत चर्चिले गेले, आखले गेले, यात शंका नाही. पैसे पुरवणाऱ्यांना योग्य वाटले असते तेव्हा ते अमलातही आले असते. बटलरच्या म्हणण्याला पुरावा मिळाला, असेही त्यात होते. फक्त फौज उभारण्याच्या थेट प्रस्तावाला दुसरा साक्षीदार नव्हता, पण तोही मॅकग्वायरने युरोपातून क्लार्कला पाठवलेल्या पत्रांनी बळकट होतो, असे समितीने लिहिले.

हे लिहून समिती थांबली. तिने छापलेल्या साक्षीतून मोठी नावे गाळली. जॉन स्पिव्हॅक या पत्रकाराच्या हाती पूर्ण साक्ष आली आणि गाळलेला भाग ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकात छापला गेला, तेव्हा काय वगळले ते कळले. समितीचे म्हणणे असे होते की ती नावे ऐकीव माहितीत आलेली, म्हणून पुरावा ठरत नाहीत. निकाल देताना ऐकीव माहिती बाजूला ठेवणे न्यायाचेच आहे. परंतु ज्याचे नाव ऐकिवात आले त्याला बोलावून विचारणे, यासाठीच तर चौकशी असते. डेव्हिसना बोलावले नाही. मर्फींना बोलावले नाही. द्यू पाँ, मॉर्गन यांच्यापैकी कोणाला बोलावले नाही. बटलरने आकाशवाणीवरून संताप व्यक्त केला, की लहान मासे कापले आणि मोठे सोडून दिले.

२५ मार्च १९३५ला मॅकग्वायर न्यू हेवनमध्ये न्यूमोनियाने वारला. वय सदतीस. सगळे धागे ज्याच्या हातून जात होते तो माणूस गेला.

इतिहासकारांत मतभेद आहेत. आर्थर श्लेसिंगर यांच्या मते मॅकग्वायरच्या डोक्यात काहीतरी अचाट योजना नक्की होती, पण विचार आणि कृती यांत मोठे अंतर होते. मलाही असे वाटत नाही की पाच लाख माणसे खरोखर वॉशिंग्टनवर चालून आली असती. शस्त्रे कुठे दिसली नाहीत, फौज कधी जमली नाही. पण ती जमली नाही याचे एक कारण असे, की ज्याच्या मागे ती उभी राहिली असती त्याने दार लावून घेतले. बेत पोकळ होता हे ठरवताना आपण त्या नकाराचे वजन धरत नाही.

आणि तो नकार आला कोठून? १९३५ साली बटलरने ‘वॉर इज अ रॅकेट’ हे छोटे पुस्तक काढले, आणि त्याच वर्षी एका लेखात कबुली दिली की आपण तेहेतीस वर्षे बड्या धंद्यांसाठी आणि बँकांसाठी गुंडगिरी केली. मेक्सिको तेल कंपन्यांसाठी, हैती आणि क्यूबा न्यूयॉर्कच्या एका बँकेसाठी, निकाराग्वा आणखी एका पेढीसाठी, अशी देशवार यादीच त्याने दिली. पलंगावर पडलेल्या त्या अठरा नोटांमागचा माल बटलरने ओळखला, कारण तो त्याने पूर्वी परक्या दारांत पोचवलेला होता. या वेळी पत्ता त्याच्या स्वतःच्या देशाचा होता. हैतीच्या लोकांना या उमजण्याचा काही उपयोग झाला नाही, हे विसरून बटलरचा पुतळा उभारू नये. तरीही १९३४ साली बटलरच्या जागी दुसरा एखादा कर्जबाजारी, मानासाठी भुकेला सेनापती असता तर, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

१९३६च्या निवडणुकीत अमेरिकी मतदारांनी ४८पैकी ४६ राज्ये रूझवेल्टना दिली. लिबर्टी लीग १९४०मध्ये गुंडाळली गेली. त्याच वर्षी २१ जूनला बटलर फिलाडेल्फियाच्या नौदल रुग्णालयात वारला. मॅकॉरमॅक पुढे प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले.

रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्कने शिवणयंत्राच्या पैशातून जमवलेली चित्रे मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनच्या संग्रहालयात आहेत. ते १९५५ साली उघडले आणि तिथल्या संग्रहात रेन्वारची तीसहून अधिक चित्रे आहेत. पुढच्या वर्षी क्लार्क वारला. समितीच्या अहवालात मॅकग्वायरचा पाठीराखा म्हणून त्याचे नाव छापलेले आहे. समितीपुढे त्याला एकदाही बसवण्यात आले नाही.